प्लाझ्माचा टॉर्च घेण्याआधी

प्लाझ्मा कटिंगचं मशीन घ्यायला गेलो की दुकानदार अँपिअर सांगतो, किती एमएम कापेल ते सांगतो. ज्यातून कापणारा जाळ निघतो त्या टॉर्चचं नावही निघत नाही. पण मशीन एकदाच घ्यायचं, टिप (टॉर्चचं पुढचं भोकाचं तोंड) आणि इलेक्ट्रोड (तिच्या आतला तांब्याचा तुकडा) मात्र ते चालेल तोवर घेत राहायचे. म्हणून मंडळी, आधी आपल्या बाजारात कोणत्या टॉर्चचे सुटे भाग बारा महिने मिळतात ते विचारा, मशीनचं नंतर बघू.

पीटी-31 या टॉर्चचंच उदाहरण बघा. स्वस्त 40 अँपिअरच्या मशीनबरोबर बहुतेक हाच येतो, टिपा कुठेही मिळतात. त्याला पायलट आर्क, म्हणजे प्लेटला न टेकता टॉर्चमध्येच पेटणारा छोटा जाळ, नसतो; टिप प्लेटला टेकवूनच जाळ धरावा लागतो. साफ पत्र्याला ठीक आहे. गंजलेला, रंग दिलेला माल किंवा जाळी कापायला घेतलीत, की सारखा विझणार. तिथे पायलट आर्कवालाच टॉर्च हवा. सीएनसी टेबलासाठी (जिथे टॉर्च संगणक फिरवतो) घेत असाल तर तो पेटतो कसा तेही विचारा. हाय फ्रिक्वेन्सीवर पेटणारा असेल तर त्याच्या विजेच्या गोंगाटाने टेबलाचा कंट्रोलर वेड्यासारखा वागू शकतो.

आता हा वापरलेला इलेक्ट्रोड बघा. हातात घ्या, पुढे द्या. तांब्याच्या टोकाला मधोमध राखाडी ठिपका होता, तिथे आता खड्डा आहे. तो ठिपका हाफ्नियमचा. हवेच्या प्लाझ्मात जाळ तिथूनच निघतो, तांबं फक्त उष्णता ओढून नेतं. हा धातू झिर्कोनियमबरोबरच सापडतो. पण अणुभट्टीच्या झिर्कोनियममध्ये हाफ्नियम चालत नाही, ते न्यूट्रॉन गिळतं. म्हणून ते वेगळं काढतात, आणि जगातलं बरंचसं हाफ्नियम त्यातूनच येतं. मागणी वाढली म्हणून पुरवठा लगेच वाढत नाही. इलेक्ट्रोड महाग का, याचं थोडं उत्तर त्यात आहे.

हा ठिपका कापताना झिजतो त्याहून जास्त जाळ पेटताना आणि विझताना झिजतो. त्यामुळे ‘एका इलेक्ट्रोडवर किती मीटर निघतात’ हा प्रश्नच अर्धवट आहे. लांब सरळ पट्ट्या कापणाऱ्याला तो पुरवून पुरतो, भोकं पाडणाऱ्याचा दिवसात संपेल. डुप्लिकेट माल घ्यायचा की कंपनीचा, हेही असंच ठरवा: तोच जॉब, तेवढेच अँपिअर, आणि किती वेळा पेटला ते मोजा. खड्डा साधारण दीड मिलिमीटरवर गेला की इलेक्ट्रोड काढा. तुमच्या टॉर्चच्या पुस्तकात आकडा असतो, तो धरा. ओढाताण केलीत तर जाळ तांब्यावर जातो, हिरवा दिसतो, आणि मग टिपही जाते, कधी टॉर्चचं डोकंसुद्धा.

टिप उजेडाकडे धरून बघायची. भोक गोल हवं. एका बाजूला ओढलेलं असेल तर कट तिरपाच येणार, ऑपरेटरला ओरडून काही होत नाही. 40 अँपिअरच्या टिपेवर 60 चालवणारेही आहेत, त्यांच्यापुढे हात जोडतो.

आणि कॉम्प्रेसरमधून टॉर्चला येणारी हवा. पावसाळ्यात टिपा जास्त जातात ही तक्रार खरी आहे, दोष मात्र दर वेळी टिपेवर येतो, हवेतल्या पाण्यावर नाही. कॉम्प्रेसरची टाकी रोज सकाळी ड्रेन करा, जमलं तर ड्रायर बसवा. एअर लाइनवर फिल्टर-रेग्युलेटरबरोबर ऑइलर (हवेत तेल सोडणारा) असेल तर प्लाझ्माच्या लाइनवरून तो काढून टाका. न्यूमॅटिक ग्राइंडरला तेल लागतं, प्लाझ्माला ते विष आहे. तपासणी सोपी: जाळ न पेटवता नुसती हवा सोडा आणि टॉर्चसमोर पांढरा कागद धरा. ओल किंवा डाग दिसला तर नवी टिप लावायची घाई करू नका.

कट संपल्यावर टॉर्चमधून थोडा वेळ हवा येत राहते, ती इलेक्ट्रोड थंड करायला. ती थांबायच्या आत मशीन बंद करू नका.

मघाशी विचारलंत, टिप आणि इलेक्ट्रोड दोन्ही एकदम बदलायचे का? हाताच्या टॉर्चला हो, जोडीनेच. झिजलेला इलेक्ट्रोड नव्या टिपेचं भोक लवकर खातो. आणि खड्डा मधोमध न पडता एका कडेला पडलेला दिसला तर स्वर्ल रिंग (आतली हवा गोल फिरवणारी रिंग) काढून बघा. बारीक भोकं बुजलेली असतील किंवा रिंगला तडा गेला असेल.