वेगाने वाढणारा सॅमन आणि परवानगीचा प्रश्न

१९८९ साली कॅनडातील मेमोरियल विद्यापीठात संशोधकांनी अटलांटिक सॅमनच्या वाटाण्याएवढ्या फलित अंड्यांत अतिशय बारीक सुईने डीएनएचा एक तुकडा सोडला. त्यात वाढीच्या संप्रेरकाचे जनुक चिनूक सॅमनचे होते आणि ते चालू ठेवणारा भाग ओशन पाऊट या थंड पाण्यातील माशाच्या, शरीरात बर्फ होऊ न देणाऱ्या प्रथिनाच्या जनुकातून घेतला होता. त्यामुळे संप्रेरक वर्षभर तयार होत राहिले आणि विक्रीयोग्य वजन गाठायला लागणारी सुमारे तीन वर्षे सोळा ते अठरा महिन्यांवर आली. मासा नेहमीपेक्षा मोठा होत नाही, फक्त लवकर मोठा होतो.

अमेरिकेत अशा प्राण्यांसाठी वेगळा कायदा नव्हता. अन्न व औषध प्रशासनाने माशाच्या पेशींत घातलेल्या डीएनएलाच 'प्राण्यांसाठीचे नवे औषध' मानले. खाणाऱ्याची सुरक्षितता तपासायला ही चौकट पुरेशी होती, कारण चिनूक सॅमन माणसे पूर्वीपासून खातात आणि संप्रेरक हे प्रथिन असल्याने ते पोटात पचते. १९ नोव्हेंबर २०१५ रोजी परवानगी मिळाली, पुढच्या वर्षी कॅनडानेही ती दिली.

अवघड प्रश्न पाण्याचा होता. हा मासा निसटून जंगली सॅमनमध्ये मिसळला तर काय होईल? त्यासाठी फक्त माद्या वाढवायच्या, तेही जमिनीवरच्या, जाळ्या बसवलेल्या टाक्यांत, असे ठरले. शिवाय फलनानंतर थोड्याच वेळात अंड्यांवर प्रचंड दाब दिला जाई; त्यामुळे गुणसूत्रांचा तिसरा संच अंड्यातच राहतो आणि मादी वांझ होते. मात्र ही अंडी देणारे मूळ प्रजननक्षम मासे कुठेतरी सांभाळावेच लागतात, आणि माझ्या मते सर्वांत काटेकोर पहारा तिथेच हवा.

नोव्हेंबर २०२० मध्ये कॅलिफोर्नियातील संघीय न्यायालयाने मासा निसटण्याच्या मुद्द्यावरच प्रशासनाला दोषी ठरवले. मासा निसटण्याची शक्यता कमी आहे एवढे म्हणून भागत नाही, निसटलाच तर काय परिणाम होतील हेही तपासले पाहिजे, असे न्यायालयाने बजावले. परवानगी मात्र रद्द केली नाही. २०२४ च्या अखेरीस उत्पादक कंपनीने मत्स्यपालन थांबवले.

दरम्यान, २०२१ साली जपानमध्ये स्नायूंच्या वाढीला आवर घालणारे मायोस्टॅटिन जनुक निकामी केलेला रेड सी ब्रीम हा मासा विक्रीस आला. बाहेरचे जनुक घातलेले नसल्याने सविस्तर सुरक्षा-परीक्षणाऐवजी सरकारकडे नोंद पुरेशी ठरली. खाणाऱ्याच्या दृष्टीने हा भेद समजण्यासारखा आहे. पण समुद्रात पोहोचलेला मासा किती खातो, किती जगतो आणि त्याची पिल्ले टिकतात का, हे जनुक घातले की काढले यावरून कळत नाही. ते प्रत्येक माशासाठी, परवानगीपूर्वी, बंदिस्त पाण्यात प्रयोग करूनच पाहावे लागेल.