दोन तिरक्या रेषांची पुस्तिका

पडद्यावर दिसणारी ही पुस्तिका पहिल्या नजरेला पासपोर्टच वाटते. आकार तेवढाच, फोटो तसाच, आणि पानाच्या तळाशी यंत्राने वाचायच्या त्याच दोन ओळी. मात्र मुखपृष्ठाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात दोन तिरक्या काळ्या रेषा आहेत, आणि 'पासपोर्ट' या शब्दाच्या जागी 'प्रवास दस्तऐवज' असे छापून त्याखाली २८ जुलै १९५१ च्या कराराचा उल्लेख केलेला आहे. आता आतले पान जरा जवळून पाहू. तळाच्या ओळीत जिथे एरवी नागरिकत्वाचा तीन अक्षरी संकेत असतो, तिथे 'एक्स-एक्स-बी' ही अक्षरे आहेत. ती कोणत्याच देशाची नाहीत. प्रवासी कागदपत्रांच्या आंतरराष्ट्रीय मानकांमध्ये हा संकेत १९५१ च्या करारानुसार निर्वासित ठरलेल्या व्यक्तीसाठी राखून ठेवलेला आहे.

ही पुस्तिका देणारा देश तिच्या धारकाला आपला नागरिक म्हणत नाही. तो इतर देशांना एवढेच सांगतो की, ही व्यक्ती आमच्याकडे कायदेशीरपणे राहते आणि तुमच्याकडून परत आली तर आम्ही तिला आत घेऊ. निर्वासितांच्या व्हिसाचा सारा गुंता या वाक्याच्या उत्तरार्धाभोवती आहे, आणि तो समजून घेण्यासाठी शंभरएक वर्षे मागे जावे लागते.

रशियातील क्रांती आणि यादवीनंतर लाखो माणसे युरोपभर विखुरली होती, आणि १९२१ च्या अखेरीस सोव्हिएत सरकारने त्यांतील बहुतेकांचे नागरिकत्वच रद्द केले. राष्ट्रसंघाचे (लीग ऑफ नेशन्स) निर्वासितविषयक उच्चायुक्त, नॉर्वेचे ध्रुवसंशोधक फ्रित्यॉफ नान्सेन यांच्या पुढाकाराने जुलै १९२२ मध्ये जिनिव्हा येथे अशा लोकांसाठी एक ओळखपत्र ठरवण्यात आले. त्यालाच पुढे नान्सेन पासपोर्ट हे नाव पडले. १९२४ मध्ये ही सोय आर्मेनियन निर्वासितांनाही मिळाली. संगीतकार स्ट्राविन्स्की, चित्रकार शगाल, लेखक नाबोकोव्ह यांनी याच कागदावर सीमा ओलांडल्या, ही गोष्ट आवर्जून सांगितली जाते. त्या कागदातली उणीव मात्र सहसा सांगितली जात नाही. ओळखपत्र देणाऱ्या देशात परतण्याचा हक्क त्या मूळ व्यवस्थेत नव्हता. त्यासाठी वेगळी परवानगी लागे. साहजिकच दुसऱ्या देशाचा अधिकारी व्हिसाचा शिक्का मारताना कचरत असे, कारण एकदा आत घेतलेला माणूस परत पाठवायचा कुठे, हे त्याला कोणी सांगू शकत नव्हते.

१९५१ च्या निर्वासित कराराने ही उणीव भरून काढली. कराराचे २८ वे कलम सांगते की, राष्ट्रीय सुरक्षा किंवा सार्वजनिक सुव्यवस्थेची सबळ कारणे आड येत नसतील, तर आपल्या भूमीवर कायदेशीरपणे राहणाऱ्या निर्वासिताला त्या देशाने परदेश प्रवासासाठी दस्तऐवज द्यावा. कराराला जोडलेल्या परिशिष्टात बारकावे आहेत. दस्तऐवज वैध असेपर्यंत देणाऱ्या देशाने धारकाला केव्हाही परत घ्यावे; पुढच्या मुक्कामाच्या देशाचा व्हिसा मिळालेला असेल, तर वाटेतल्या देशांनी ट्रान्झिट व्हिसा द्यावा; आणि व्हिसाचे शुल्क परदेशी पासपोर्टांना लागू असलेल्या सर्वांत कमी दरापेक्षा जास्त नसावे. खुद्द व्हिसाविषयीचे वाक्य मात्र फार जपून लिहिलेले आहे. संबंधित देशाची निर्वासिताला प्रवेश देण्याची तयारी असेल आणि व्हिसा आवश्यक असेल, तर तो या दस्तऐवजावर द्यावा, असे ते म्हणते. म्हणजे दस्तऐवजाला मान्यता देणे हे करारातील देशांचे कर्तव्य आहे, व्हिसा देणे नाही. या दोन गोष्टींची गल्लत अर्जदार करतात, आणि कधी कधी सल्ला देणारेही करतात.

मग व्हिसा लागतो की नाही, हे ठरते कशावर? पासपोर्टधारकाचा प्रश्न सोपा असतो: नागरिकत्व कोणते, ते पाहायचे आणि यादीत शोधायचे. निर्वासिताच्या बाबतीत एक देश पुस्तिका कोणी दिली ते पाहतो, दुसरा देश पुस्तिकेचा प्रकार पाहतो, आणि तिसरा देश ज्या भूमीतून धारकाला पळ काढावा लागला, तिचेच नागरिकत्व आजही त्याच्या नावापुढे मांडतो.

जर्मनीत आश्रय मिळालेल्या एका स्त्रीचे काल्पनिक उदाहरण घेऊ. जर्मनीने दिलेला प्रवास दस्तऐवज आणि तिथला निवास परवाना जवळ असेल, तर ती शेंगेन क्षेत्रातील, म्हणजे आपसांतल्या सीमांवरची तपासणी काढून टाकलेल्या युरोपीय देशांच्या गटातील, इतर देशांत, कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंत, व्हिसाशिवाय जाऊ शकते. पॅरिसला जायला तिला रेल्वेचे तिकीट पुरते. तिथून लंडनला जायचे म्हटले की मात्र तिला व्हिसा काढावा लागतो. तिच्या शेजारी बसलेल्या जर्मन नागरिकाला छोट्या भेटीसाठी तो लागत नाही. अमेरिकेचेही तसेच आहे. जर्मन नागरिकांना मिळणारी व्हिसामाफी पासपोर्ट आणि नागरिकत्व यांना जोडलेली आहे, त्यामुळे जर्मनीने दिलेल्या दस्तऐवजावर ती मिळत नाही. दूतावासात रीतसर अर्ज करावा लागतो.

वास्तविक युरोपात ही दरी बुजवण्याचा एक चांगला प्रयत्न झाला होता. युरोपीय परिषदेच्या देशांनी एप्रिल १९५९ मध्ये स्ट्रासबूर्ग येथे एक करार करून एकमेकांकडील निर्वासितांना तीन महिन्यांपर्यंतच्या भेटीसाठी व्हिसातून सूट दिली. मात्र त्याच करारात सूट तहकूब करण्याची मुभाही होती, आणि ती वापरली गेली: फ्रान्सने १९८६ मध्ये, ब्रिटनने २००३ मध्ये. शेंगेन व्यवस्थेमुळे फ्रान्सच्या निर्णयाची झळ आता फारशी जाणवत नाही. ब्रिटनच्या निर्णयाची जाणवते. जुलै २०२२ मध्ये आयर्लंडनेही हीच वाट धरली. म्हणूनच ओळखीचे कोणी दोन वर्षांपूर्वी व्हिसाशिवाय जाऊन आले, एवढ्या भरवशावर तिकीट काढणे धोक्याचे आहे.

ऑनलाइन व्हिसाची सोय झाल्याने हे काम सोपे झाले असेल, असे वाटू शकते. प्रत्यक्षात अनेक देशांचा ई-व्हिसा केवळ पासपोर्टधारकांसाठी असतो. भारताच्या ई-व्हिसाच्या नियमांतही पासपोर्टव्यतिरिक्त अन्य प्रवास दस्तऐवज असलेल्यांना तो मिळत नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. त्यांना भारतीय वकिलातीकडे नेहमीच्या पद्धतीने अर्ज करावा लागतो. काही संकेतस्थळांवर दस्तऐवजाचा प्रकार निवडण्याच्या यादीत निर्वासितांचा पर्यायच नसतो. अशा वेळी 'साधा पासपोर्ट' निवडून अर्ज पुढे रेटण्याचा मोह होतो, आणि व्हिसा मिळूनही तो चुकीच्या माहितीवर मिळालेला ठरतो.

आता कॅलेंडरकडे वळू, कारण सर्वाधिक अडचणी इथे होतात. अमेरिकेने दिलेला निर्वासित प्रवास दस्तऐवज एक वर्षासाठीच वैध असतो. दुसरीकडे, प्रवेशाच्या दिवशी कागदपत्राची वैधता किमान सहा महिने शिल्लक असावी, अशी अनेक देशांची अट असते. जानेवारीच्या पहिल्या तारखेला दिलेली पुस्तिका ३१ डिसेंबरला संपते. म्हणजे सहा महिन्यांची अट असलेल्या देशासाठी ती जुलैपासूनच निरुपयोगी होते. त्याआधीच्या सहा महिन्यांतच दूतावासाची भेटीची वेळ मिळवायची, अर्ज द्यायचा आणि निकालाची वाट पाहायची. शेंगेन क्षेत्राची अट थोडी सौम्य आहे: तिथून परतण्याच्या तारखेनंतर तीन महिने वैधता हवी. अर्जावर साधारणपणे १५ दिवसांत निर्णय होतो, पण तपासणी वाढल्यास हा अवधी ४५ दिवसांपर्यंत जातो. शिवाय निवास परवान्याची मुदत वेगळी असते. दस्तऐवज वैध आणि परवाना संपत आलेला, अशा अर्जात परतीची हमी लंगडी पडते.

व्हिसा मिळाल्यावरही एक टप्पा उरतो, तो विमानतळावरच्या चेक-इन काउंटरचा. आवश्यक कागदपत्रे नसलेल्या प्रवाशाला आणल्यास विमान कंपनीला दंड होतो. युरोपीय संघाच्या २००१ च्या निर्देशानुसार तो दर प्रवाशामागे किमान ३,००० युरो असू शकतो. त्यामुळे काउंटरवरचा कर्मचारी समोरच्या संगणकावर नियम तपासतो. त्याने नागरिकत्वाच्या रकान्यात मूळ देश भरला आणि दस्तऐवजाचा प्रकार भरायचा राहिला, तर उत्तर वेगळेच येते. प्रवाशाने सुरुवातीलाच 'हा १९५१ च्या करारानुसारचा दस्तऐवज आहे' असे सांगावे, व्हिसाचे पान उघडून द्यावे, निवास परवाना सोबत ठेवावा. वाटेत विमान बदलायचे असेल, तर त्या विमानतळाचा ट्रान्झिट नियमही आधी पाहिलेला असावा. विमानतळाबाहेर पाऊल न टाकताही काही ठिकाणी व्हिसा लागतो.

एका देशाचा व्हिसा मात्र मागण्याआधी वकिलाशी बोलावे: ज्या देशातून पळ काढावा लागला, त्याचा. तिथे जाणे किंवा त्याच्या दूतावासातून नवा पासपोर्ट घेणे, याचा अर्थ त्या देशाचे संरक्षण पुन्हा स्वेच्छेने स्वीकारले, असा लावला जाऊ शकतो. आणि कराराच्या पहिल्याच कलमानुसार निर्वासित दर्जा संपण्याचे ते एक कारण आहे. आजारी आईला भेटायला गेलेल्या माणसावरही खुलासा देण्याची पाळी येऊ शकते.

परदेशात अडचण आली, तर पासपोर्टधारक आपल्या दूतावासाचे दार ठोठावतो. परिशिष्टात लिहिले आहे की, या दस्तऐवजामुळे धारकाला तो देणाऱ्या देशाच्या राजनैतिक संरक्षणाचा हक्क मिळत नाही. तरीही त्याच परिशिष्टात एक छोटी तरतूद आहे: खास अधिकार दिलेल्या वकिलाती आपल्या सरकारने दिलेल्या दस्तऐवजाची मुदत सहा महिन्यांपर्यंत वाढवू शकतात. परत घेण्याचे बंधन दस्तऐवज वैध असेपर्यंतच आहे, त्यामुळे आजारपणात किंवा बंद पडलेल्या विमानसेवेत ज्याचे दिवस निघून जात आहेत, त्याने मुदत संपण्याच्या आतच त्या वकिलातीकडे जायला हवे.