ओळ लिहिली, पण दार उघडेच राहिले

आजचा विषय आहे डेकोरेटरने संकेतस्थळाच्या पानांवर परवानगीची अट लावणे. आपल्यापैकी बहुतेकांनी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत फंक्शनच्या, म्हणजे कोडच्या नाव दिलेल्या तुकड्याच्या, माथ्यावर अ‍ॅट चिन्ह लावून ‘लॉगिन रिक्वायर्ड’ (लॉगिन आवश्यक) असे कधी ना कधी लिहिलेले आहे, म्हणून डेकोरेटर म्हणजे फंक्शनभोवती आणखी एक काम गुंडाळणारी ओळ, एवढेच सांगून मी पुढे जातो. २००४ साली पायथन २.४ मध्ये ही खूण आली. त्याआधी हेच काम फंक्शन संपल्यावर खाली वेगळी ओळ लिहून करावे लागे आणि लांबलचक फंक्शन वाचणाऱ्याच्या नजरेतून ती ओळ सहज निसटत असे. परवानगीची अट आता सुरुवातीलाच दिसते, हा मोठा लाभ आहे. मात्र दिसणारी ओळ लागू असतेच असे नाही, आणि हे मला एका ऊसबिलाने शिकवले.

काही वर्षांपूर्वी आमच्या गटाने आपल्या जिल्ह्यातल्या एका संस्थेसाठी फ्लास्क या संकेतस्थळे बनवण्याच्या पायथन चौकटीत एक संकेतस्थळ तयार केले होते. ऊस घालणाऱ्या सभासदाने आपली वजनपावती आणि बिल घरबसल्या पाहावे, त्यासाठी चिटबॉयची (कारखान्याच्या गावपातळीवरच्या कर्मचाऱ्याची) वाट पाहण्याची किंवा शेतकी कार्यालयात खेटे घालण्याची वेळ त्याच्यावर येऊ नये, एवढाच त्यामागचा हेतू होता. गळीत हंगाम ऐन भरात असताना एका सभासदाने फोन करून सांगितले की, पासवर्ड न घालताच बिल दिसते, आणि पानाच्या वेब-पत्त्यातला सभासद क्रमांक बदलला की शेजारच्या बांधावरच्या माणसाचेही बिल दिसते. कोणाचे किती टन गेले आणि सोसायटीच्या कर्जापोटी किती कापले, हे गावात चारचौघांपुढे उघडे पडणे म्हणजे काय, हे कोल्हापूरकरांना मी वेगळे सांगायला नको.

आम्ही कोड उघडला, तर ‘लॉगिन रिक्वायर्ड’ तिथे होते. चूक फक्त क्रमाची होती. डेकोरेटर खालून वर लागू होतात. फ्लास्कमधला ‘रूट’ आपल्या हाती आलेले फंक्शन पत्त्याशी जोडतो आणि तेच फंक्शन जसेच्या तसे परत देतो. आमची परवानगीची ओळ ‘रूट’च्या वर होती, म्हणजे पत्त्याशी उघडे फंक्शन जोडले गेले आणि पहारा नंतर, पत्त्याला ठाऊक नसलेल्या प्रतीवर बसला. कोणतीही त्रुटी दिसली नाही. आमची चाचणीही उत्तीर्ण होत होती, कारण ती पत्त्यावरून विनंती न पाठवता फंक्शनला थेट नावाने बोलावत होती आणि त्या नावाशी पहारा असलेली प्रत बांधलेली होती.

त्या रात्री आम्ही ओळींची अदलाबदल केली, पण माझे समाधान झाले नाही, कारण पुढच्या हंगामात नवा मुलगा नवे पान लिहील आणि ती ओळ लिहायलाच विसरेल. विसरल्यावर दार उघडे राहते, ही मांडणीच मला मान्य नाही. फ्लास्कमध्ये ‘बिफोर रिक्वेस्ट’ ही प्रत्येक विनंतीआधी चालणारी सोय वापरून सगळी पाने आधी बंद करावीत आणि जे पान खरोखर सर्वांसाठी आहे, त्याच्याच माथ्यावर तसे लिहावे. जँगो या पायथनच्या दुसऱ्या चौकटीने २०२४ मध्ये ५.१ या आवृत्तीत ‘लॉगिन रिक्वायर्ड मिडलवेअर’ (सगळ्या पानांवर लॉगिनची अट लावणारी सोय) आणि त्याच्या जोडीला ‘लॉगिन नॉट रिक्वायर्ड’ हा डेकोरेटर देऊन हीच दिशा धरली, याचा मला मनापासून आनंद आहे.

संयोजकांनी वेळ संपत आल्याची खूण केली आहे आणि आजच्या विषयाचा मुख्य भाग अजून सांगायचा आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. ओवास्प या वेब-सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या प्रमुख धोक्यांच्या यादीत प्रवेश-नियंत्रणातील त्रुटी २०१७ मध्ये पाचव्या स्थानी होती, ती २०२१ मध्ये पहिल्या स्थानी आली. क्रम सुधारूनही आमचा दुसरा दोष तसाच होता: लॉगिन केलेला सभासद शेजाऱ्याचे बिल पाहू शकत होता. ‘हा कोण’ आणि ‘याची भूमिका कोणती’ हे डेकोरेटरने विचारावे. ‘ही नोंद याचीच आहे का’ हे मात्र नोंद हाती आल्याशिवाय ठरत नाही आणि आपला डेकोरेटर तर नोंद काढण्याआधीच चालून गेलेला असतो. म्हणून मालकीची अट डेटाबेसला विचारायच्या प्रश्नातच (क्वेरीतच) घालावी: या क्रमांकाचे आणि याच सभासदाचे बिल. मग शेजाऱ्याचा क्रमांक टाकणाऱ्याला ४०३ (परवानगी नाही) न देता ४०४ (सापडले नाही) हे उत्तर द्यावे, म्हणजे त्या क्रमांकाचे बिल आहे की नाही, हेसुद्धा त्याला कळत नाही.