अख्खा वाडा, एकच गट

[ड्रोन: कासारी नदीचं पात्र, दोन्ही काठांना ऊस, मग कौलारू छपरांचा चौकोन]

रंकाळा मागं टाकून गगनबावड्याचा रस्ता धरला आणि कळ्यावरून बाजारभोगावच्या बाजूला वळलं, की ऊस दाट होत जातो आणि डोंगर जवळ येतात. पन्हाळा तालुक्याचा हा पश्चिमेकडचा भाग. पाऊस इथं महिनोन्‌महिने मुक्काम ठोकतो, म्हणून घरांवर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छप्पर, नाही. उतरती कौलं, आणि भिंतींपासून हातभर पुढं आलेल्या वळचणी.

[दिंडी दरवाजा. एकेक जण वाकून आत येतो]

पाहुण्यांना उतरायला मिळणाऱ्या एका जुन्या वाड्याचा हा मोठा दरवाजा बंदच असतो. त्याच्या पोटातली दिंडी तेवढी उघडी, त्यामुळं आत येणाऱ्याला मान वाकवावीच लागते. देवडी, मग चौक, चौकाच्या चारी अंगांना सोपा. सोप्यामागं माजघर, माजघराच्या पोटात देवघर, तिथून स्वयंपाकघर आणि मागं परडं.

कॅमेरा कुठून कुठं जातोय ते नीट बघा. मधे बोळ नाही, पॅसेज नाही. एका खोलीतूनच दुसऱ्या खोलीत जायचं. हॉटेलासारखी एकेक खोली वेगळी विकायची म्हटली, तर भिंती फोडाव्या लागतील, नाहीतर नव्या घालाव्या लागतील. या घरानं दोन्ही केलं नाही. इथं एका वेळी एकच गट उतरतो आणि त्या गटाला अख्खा वाडा मिळतो. घरची माणसं मागच्या सोप्यात राहतात.

यात नवं काही नाही. हे घर बांधलंच गेलं माणसांच्या रांगांसाठी. चैत्री पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर निघालेल्या सासनकाठ्या वाटेत टेकायच्या, काठीबरोबरची माणसं सोप्यावर झोपायची, चौकात पंगत बसायची. लग्न असो, सुगी असो, म्हाई (गावची जत्रा) असो, घर भरलेलंच. घरात किती पिढ्या झाल्या, ते थोरल्या काकी देवघरातल्या, पूर्वजांच्या नावानं केलेल्या चांदीच्या टाकांवरून सांगतात. अंगठ्याएवढे टाक, हात फिरून फिरून चेहरे गुळगुळीत झालेले, तरी कोणता कुणाचा हे त्यांना बोटानं कळतं.

[परडं. दगडी घाणी, बैल फिरताहेत]

आणि ही चुन्याची घाणी. इथं आम्ही जरा जास्त वेळ थांबलो, कारण वाडा उभा आहे तो हिच्या जोरावर.

उत्तरेच्या भिंतीला मधल्या काळात सिमेंटचा गिलावा झाला होता. गवंडी आता तो छिन्नीनं काढतोय. थर सुटला की मागची माती ओली लागते, जांभ्यावर पांढरा खार फुललेला दिसतो. जुनी भिंत पाणी पिते आणि उन्हाला सोडते. तिच्या तोंडावर सिमेंट बसलं, की ओल आतच कोंडते. मग भिंतीत शिरलेली तुळईची टोकं कुजायला लागतात, आणि बाहेरून घर टकाटक दिसत असताना आतून खचत जातं. गावोगावचे कितीतरी वाडे असेच गेले. ते पडले ते जुने होते म्हणून नव्हे, दुरुस्ती चुकीची झाली म्हणून.

चुन्याचं काम हळू चालतं. कळीचा चुना हौदात पाण्यात सोडला की फसफसतो, वाफ निघते, जवळ उभं राहवत नाही. तो लोण्यासारखा मऊ होईपर्यंत मुरू द्यायचा. मग वाळू आणि सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, घालून घाणीत मळायचा. बैलजोडी आता घरची उरलेली नाही, कामापुरती भाड्यानं आणतात. जड दगडी चाक गोल फिरत राहतं आणि मागून एक जण फावड्यानं माल परत चाकाखाली ओढत राहतो. त्यात पडतं हिरड्याचं पाणी, बेलफळाचा गर आणि गूळ. गुळाला काय तोटा? हा जिल्हाच गुऱ्हाळांचा.

[जवळून: गवंड्याचा तळहात, त्यावर चुन्याचा गोळा]

माल झाला का, हे गवंडी हातावर बघतो. लिंबाएवढा गोळा करतो, तळहात उलटा करतो. गोळा चिकटून राहिला तर माल भिंतीला जाईल, सुटून पडला तर परत घाणीत. थापीनं मारलेला थर मग गुरमाळ्यानं घोटायचा आणि कित्येक दिवस ओल्या पोत्यांखाली ठेवायचा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत सावकाश दगड होतो. त्याला घाई केलेली चालत नाही.

या सगळ्याला पैसा लागतो, आणि तो पाहुण्यांकडून येतो.

[स्वयंपाकघर, चुलीवर दोन पातेली]

एका पातेल्यात तांबडा, दुसऱ्यात पांढरा. मटणाचं अळणी पाणी दोन्हीकडं तेच. इकडं कांदा-लसूण मसाला आणि तेलाचा कट, तिकडं नारळाचं दूध, तीळ, खसखस. चूल मुद्दाम ठेवलीय. तिचा धूर वर वाशांना लागतो, लाकूड कोरडं राहतं, कीड धरत नाही. बंद पडलेल्या घरात वाळवी छपरापर्यंत चढायला वेळ लागत नाही.

[चौकात पंगत]

जुलैत पन्हाळा ते पावनखिंड चालणारे आदल्या रात्री इथं उतरतात. 1660 सालच्या त्या रात्रीची वाट पायाखाली घालायची, तर सुरुवात सोप्यावरच्या घोंगडीवरून झालेली बरी. एरवी दहावीच्या जुन्या बॅचेस येतात, आर्किटेक्चरची मुलं वह्या घेऊन येतात, परगावी पांगलेली भावकी येते. 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात पन्हाळा आला. गडाकडं येणाऱ्यांनी पायथ्याची घरंही बघावीत, असं आम्हाला मनापासून वाटतं.

सगळं गोडच आहे असं नाही. वाटणीत पूर्वेची बाजू धाकट्या चुलत्यांकडं गेली, तिथं आता स्लॅब आहे. 2019 आणि 2021 च्या पुरात रस्ते बंद झाले, गट आले नाहीत. पन्नास ताटांमागं राबणारे हात घरातल्या बायकांचेच आहेत.

[छपरावर माणसं, कौलं हातोहात खाली]

मे महिन्यात वाडा पाहुण्यांना बंद. वळीव लागायच्या आत शाकारणी उरकायची. एकेक कौल उतरवायचं, फुटकं बाजूला काढायचं, वासे ठोकून बघायचे, कुजका निघाला तर बदलायचा. यंदा उत्तरेच्या भिंतीचा चुना पुरा झाला, तर पुढच्या हंगामात देवडी दुरुस्तीला घेणार आहेत.