जॉइनिंगची तारीख पुढे गेली तेव्हा

मघाशी ओळख करून देताना सर म्हणाले, ‘यांनी हजारो मुलांना नोकऱ्या दिल्या.’ दिल्या, कंपनीच्या भरतीचं काम माझ्याकडे असतं म्हणून. पण दिलेली नोकरी परत घेतल्याचे मेलही माझ्याच नावाने गेलेत, आणि आज मी त्या मेलबद्दल बोलायला आलोय.

२०२२ साल संपत आलं होतं. लातूरहून एका मुलाचा फोन आला, “सर, जानेवारीत जॉइनिंग आहे ना? वाकडला फ्लॅट बघू का? मालक डिपॉझिट मागतोय.” मी म्हटलं, “बघ की.” भरती थांबवल्याचा निरोप आम्हाला त्याच दिवशी सकाळी आला होता. तो बाहेर सांगायचा नव्हता. मुलाने डिपॉझिट भरलं. जानेवारीची तारीख एप्रिलवर गेली, एप्रिलची जुलैवर, आणि मग तो मेल. ते ‘बघ की’ मला अजून टोचतं. ‘थोडा थांब’ म्हणायला मला कुणाची परवानगी लागत नव्हती.

हे फक्त आमच्याकडे झालं असं नाही. २०२२ च्या बॅचमधली सुमारे २००० मुलं हातात ऑफर लेटर घेऊन दोन वर्षं घरी बसली, अशी तक्रार आपल्या पुण्यातल्या ‘नाईट्स’ या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने २०२४ मध्ये केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे केली होती. तेव्हा ज्याच्यावर ही वेळ येते, त्याने ‘माझंच नशीब फुटकं’ म्हणत बसू नये.

आता फोनच्या या बाजूला काय चालतं ते सांगतो. एचआरमधली जी मुलगी तुमच्याशी बोलते, तिला बऱ्याचदा खरंच माहीत नसतं. माहीत असलं तरी सांगता येत नाही. तिला ‘माझी ऑफर पक्की आहे ना?’ असं विचारलंत, तर ती ‘हो’च म्हणणार. त्या ‘हो’ला काही अर्थ नाही. कामाचं विचारा. मी कुठल्या प्रोजेक्टवर आहे? मॅनेजरशी दहा मिनिटं बोलता येईल का? माझ्या कागदपत्रांचं व्हेरिफिकेशन संपलं का? लॅपटॉप कुठल्या पत्त्यावर येणार? ज्याला खरंच घ्यायचंय त्याचा लॅपटॉपचा पत्ता विचारणारा मेल आपणहून येतो. साखरपुड्यानंतर मुलाकडचे हॉलची चौकशी करेनासे झाले, की घरातल्या बायका काय ते ओळखतात. इथेही तसंच आहे. विचारायचं ते मेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

कारण कायदा तुमच्या बाजूने आहे, पण अर्धाच. १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार प्रस्ताव, म्हणजे इथे ऑफर, मागे घ्यायचा तो समोरच्याने स्वीकारण्याआधी. तुम्ही होकार कळवलात की करार झाला. तो मोडला तर नुकसानभरपाई मागता येते, कलम ७३. पण ‘मला नोकरीवर घ्याच’ असा हुकूम खासगी कंपनीवर सहसा मिळत नाही. आणि आमचे वकील लेटरमध्ये ‘व्यवसायाच्या गरजेनुसार’ अशी एक पळवाटेची ओळ घालून ठेवतात. (हशा) हसू नका, घरी जाऊन आपापलं लेटर वाचा.

फ्रेशरचं वर्ष जातं, पण नोकरी सोडून निघालेल्याची पंचाईत जास्त. नव्वद दिवसांची नोटीस, राजीनामा दिलेला, जागेवर दुसरा माणूस आलेला, आणि सत्तराव्या दिवशी नवीन कंपनी म्हणते, ‘जरा थांबा.’ अमेरिकेत एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांना तर जुनी नोकरी सुटली की नवी शोधायला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. अशा वेळी लोक लाजेखातर जुन्या साहेबाकडे जात नाहीत. जा. राजीनामा मागे घेता येतो. कोकण रेल्वेच्या एका कर्मचाऱ्याने तो मागे घेतला होता, आणि स्वीकारल्याचं त्याला रीतसर कळवण्याआधी मागे घेतलेला राजीनामा ग्राह्य धरता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये म्हटलं. ते सरकारी महामंडळ होतं. खासगी कंपनीत सगळं तुमच्या नेमणूकपत्रावर आणि साहेबाच्या मनावर. पण साहेबालाही नवा माणूस शिकवण्यापेक्षा जुना बरा वाटतो, हे मी कितीदा पाहिलंय. फक्त शेवटच्या दिवसाची वाट बघू नका.

आणि मुलाखती चालू ठेवा. ‘एकाला हो म्हटलंय, आता दुसरीकडे जाणं बरं दिसत नाही,’ असं म्हणणारी मुलं मला भेटतात. चांगल्या घरची असतात, म्हणून वाईट वाटतं. तारीख पुढे ढकलून कंपनीने शब्द आधीच सैल केलाय. तो एकट्याने घट्ट धरून कशाला बसायचं?

घरी मात्र खरं सांगा. आईने चाळीत पेढे वाटलेले असतात, म्हणून मुलं रोज डबा घेऊन ‘ऑफिसला’ निघतात आणि लायब्ररीत बसतात. मी असा एक डबा उघडताना पाहिलाय. भेंडीची भाजी होती, मुलगा जेवला नाही.

मागून कुणीतरी विचारतंय, “सर, फार विचारलं म्हणून ऑफरच गेली तर?” बावीस वर्षांत आमच्याकडे प्रश्न विचारला म्हणून एकाचीही ऑफर गेली नाही. ज्यांच्या गेल्या, त्यांच्या नावांची यादी मी एक्सेलमध्ये बघितली होती. तिच्यात प्रोजेक्टचं नाव होतं, पगार होता, तारीख होती. कोण किती वेळा फोन करतो, असा रकानाच नव्हता.