उशीखालची भाकरी

कोल्हापुरातील गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर, समोरच पिळलेल्या म्हशीच्या धारोष्ण दुधाचा पेला दोन्ही हातांनी धरून उभी असलेली ही मुलगी आठ वर्षांची आहे. तिचा चेहरा आपण दाखवणार नाही, कारण दत्तक बालकाची ओळख उघड करण्यास बाल न्याय कायद्याने मनाई आहे. शेजारच्या अनोळखी गृहस्थांनी हाक मारताच ती त्यांच्याजवळ जाऊन उभी राहते. पाहणाऱ्यांना याचे कौतुक वाटते. तिच्या आईला मात्र याचीच धास्ती वाटत आली आहे, कारण कोणाचाही हात धरणारी ही मुलगी आईने जवळ घेतले की अंग ताठ करीत असे.

हे त्यांच्या स्वयंपाकघरातील फडताळ. खालच्या कप्प्यातील स्टीलचा डबा तिचा आहे. सहाव्या वर्षी ती या घरात आली, तेव्हा तिच्या उशीखाली भाकरीचे तुकडे सापडत. आई रागावली, तर ते तुकडे गादीच्या खोळीत जाऊ लागले. अखेर समुपदेशक बाईंच्या सांगण्यावरून हा डबा ठेवण्यात आला आणि तो कधीही रिकामा राहणार नाही, रात्री-अपरात्रीसुद्धा कोणाला न विचारता उघडता येईल, असा शब्द तिला देण्यात आला. पहिल्या आठवड्यात तो दिवसातून तीनदा भरावा लागे. आज त्यात राजगिऱ्याचे दोन लाडू आहेत, आणि ते चार दिवसांपूर्वीचे आहेत.

दत्तक जाण्याआधी मुले ज्या संस्थेत राहतात, तिथे त्यांना सांभाळणाऱ्या मावश्या पाळीप्रमाणे बदलतात. मावशी कितीही मायाळू असली, तरी रात्री रडल्यावर कोण येईल याचा भरवसा मुलाला नसतो. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात, बालकाला आईचा किंवा तिची जागा कायमची घेणाऱ्या व्यक्तीचा अखंड, मायेचा सहवास हवा, असे मांडले होते. जिथे तो मिळालेला नसतो, तिथे मूल माणसांऐवजी भाकरीवर विसंबते.

कोल्हापूरला दत्तक हा शब्द नवा नाही. कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव १८८४ मध्ये दत्तक आले आणि पुढे शाहू महाराज झाले, हे या आई-वडिलांना प्रत्येक नातेवाइकाने ऐकवले आहे. रात्री दोन वाजता फडताळापाशी मुलीजवळ बसायला मात्र त्यांपैकी कोणी आले नाही. आईने नोकरी सोडली.

टेबलावरची ही जाड फाईल दत्तक प्रक्रियेची आहे. नोंदणी, गृह अध्ययन अहवाल म्हणजे घराची पाहणी, दत्तकपूर्व संगोपन म्हणजे आदेशाआधी मूल सांभाळायला घरी देणे, आणि मग दत्तकाचा आदेश, जो २०२१ च्या दुरुस्तीमुळे आता न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. मूल घरी येईपर्यंत यंत्रणा इतकी बारकाईने पाहते, आणि आल्यावर दर सहा महिन्यांनी एक अहवाल याप्रमाणे दोन वर्षे पाठपुरावा करते. चौथा अहवाल गेल्या महिन्यात गेला. मुलगी या घरावर विसंबू लागली ती आत्ता कुठे, आणि विचारपूस मात्र इथेच थांबते.

रात्रीचे साडेनऊ वाजले आहेत. ओटा पुसून झाल्यावर वडील वाकून खालचा डबा उघडतात, आत पाहतात, आणि एक लाडू वाढवून झाकण लावतात.