पहिली सुलोचना
सुलोचना म्हटलं की आपल्याला आठवतात सुलोचनादीदी, नाहीतर लावणीवाल्या सुलोचनाबाई चव्हाण. पण या दोघींच्याही आधी मूकपटांच्या काळात एक नटी सुलोचना होऊन गेली, तिचं खरं नाव रुबी मायर्स.

मागे दिसतंय ते आपलं ठाण्याचं सिनेगॉग, टेंभी नाक्याजवळचं, १८७९ सालचं. इथले ज्यू म्हणजे बेने इस्राएल, घरात आपल्यासारखंच मराठी बोलणारे. रुबी ठाण्याची नव्हे हं, जन्म पुण्याचा, १९०७ चा, पण तीही ज्यूच. इथून सुरुवात केली कारण त्या काळी सिनेमात काम करणं म्हणजे घराण्याचं नाव घालवणं. १९१३ ला दादासाहेब फाळक्यांना 'राजा हरिश्चंद्र' सिनेमात तारामती करायला बाई मिळेना, शेवटी अण्णा साळुंके साडी नेसून उभे राहिले. त्याच वर्षी दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई पुढे आल्या खऱ्या, पण पुढची बरीच वर्षं पडद्यावर दिसल्या त्या जास्त करून ज्यू आणि अँग्लो इंडियन मुली, लोक काय म्हणतील हे त्यांनीही ऐकलं असणारच की.

रुबी टेलिफोन ऑपरेटर होती. कोहिनूर कंपनीच्या मोहन भवनानींनी तिला सिनेमात आणलं, १९२५ ला 'वीर बाला', १९२६ ला 'टायपिस्ट गर्ल', आणि १९२७ च्या 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे'मध्ये तर एकटीचे आठ रोल! माळी, पोलीस, हैदराबादी गृहस्थ, रस्त्यावरचं पोरगं, सगळं तीच, आणि तेही आवाज नसताना, नुसत्या चालण्यावर आणि डोळ्यांवर. मला विचाराल तर तिची खरी ताकद इथे दिसते, नुसतं देखणेपण म्हणून सोडून देऊ नका.

मग १९३१ ला बोलपट आला. तोवर ती इम्पीरियल फिल्म कंपनीची सगळ्यात मोठी स्टार, पण त्याच कंपनीच्या 'आलम आरा' या आपल्याकडच्या पहिल्या बोलपटात हिरॉईन झाली जुबेदा, कारण रुबीचं हिंदुस्थानी कच्चं होतं. दुसरी कोणी घरी बसली असती, हिने भाषा शिकायला घेतली आणि १९३२ ला आपलाच गाजलेला मूकपट 'माधुरी' बोलपट म्हणून घेऊन परत आली.

'अनारकली'चं तर बघा, १९२८ ला मूकपटात अनारकली ती, १९३५ ला बोलपटात परत तीच, आणि १९५३ ला अनारकली झाली बीना रॉय आणि सुलोचना सलीमची आई. मधल्या काळात काम कमी कमी होत गेलेलं, तरी ती सेटवर येत राहिली. १९७३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार तिला मिळाला, १९८३ ला मुंबईत ती गेली.

'वाइल्डकॅट' आज बघायला मिळत नाही. तेव्हाची फिल्म नायट्रेटची, चटकन पेट घेणारी, नाहीतर डब्यातच सडून जाणारी, काहींनी तर त्यातली चांदी काढायला रिळं वितळवली. म्हणून विचारते, ठाण्यात कोणाच्या माळ्यावर, आजोबांच्या ट्रंकेत तिचा फोटो, सिनेमाची जाहिरात, काहीही असेल तर फेकू नका, आम्हाला दाखवा.